पोटातली विहीण

लिफ्टनं बोंब मारली ती मी पाय आत टाकल्यावर. त्याआधी नाही. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ज्याला त्याला आपल्या सोयीनं आठवायची खोड आहे. आत चष्म्याच्या दुकानाचा म्हातारा मालक होता, त्याची बायको होती आणि माझी सून होती, दोन हातांत दोन पिशव्या घेऊन, पाठ आरशाला चिकटवून, जमेल तितकी कमी जागा अडवत उभी. मी नेहमीसारखी शेवटी चढले. या इमारतीत आल्यापासून मी शेवटीच चढते. "येऊ द्या मला, माझं कसलं वजन, कोटाचं असेल तेवढंच," असं मीच म्हणायची आणि लिफ्ट मुकाट वर जायची. त्या दिवशी पाय टाकला आणि दारावरचा लाल दिवा पेटला, टीं टीं टीं सुरू झालं. चष्मेवाला छताकडे बघायला लागला, त्याची बायको स्वतःच्या चपलांकडे. मी सुनेकडे बघितलं. आमच्या घरची ती रीत आहे. लिफ्ट ओरडली की सुनेनं उतरायचं. कुणी बसून ठरवलं नव्हतं. लग्न होऊन ती आली त्या वर्षी मी एकदा म्हणाले होते, "अगं, तू जिन्यानं ये, तेवढाच व्यायाम," आणि ते घराच्या भिंतीसारखं कायमचं उभं राहिलं. तिनं पिशव्या सावरल्या, "मी येते जिन्यानं, अहो आई," म्हणाली आणि माझ्या अंगाला अंग न लागू देता बाहेर पडली. ओरडणं थांबलं. म्हातारा म्हणाला, "मशीन जुनं झालंय हो." कीव करत होता माझी. ज्याच्या पँटची कंबर मी दर दोन वर्षांनी उसवते तो माणूस! वर पोचले तर किल्ली सुनेच्या पिशवीत. बंद दारासमोर उभी राहून मी तिचे पाय ऐकत होते. दुसरा मजला, मग तिसरा, आणि तिसऱ्यावर पाय थांबले. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. दम लागला असणार, असं मी म्हणणार होते, पण म्हणवेना. माझ्याच छातीत धाप होती आणि मी लिफ्टनं आले होते.

दुकानात मला टाचणी म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि आवडतंही. बारीक आणि टोचणारी. जुने कोट, पँटी सैल किंवा घट्ट करून देण्याचं माझं दुकान. शाळा चार बुकांवर सुटली, हातात कात्री आली ती आजतागायत. माणूस दारातून आत आला की टेप काढायच्या आधी मला त्याची कंबर कळते. शिवताना आत माया ठेवावी लागते, जास्तीचं कापड, दोन बोटं, तीन बोटं, कारण माणूस वाढणार हे धरूनच चालायचं असतं. माझ्या स्वतःच्या कोटात मी ती कधी ठेवली नाही. कशाला? लग्नातलं माप आणि सासू झाल्यावरचं माप एकच. नवरा गेला, दुकान अंगावर पडलं, दोन पोरं वाढवली, कोट तोच. लोक विचारायचे, तुम्ही काय करता हो? मी म्हणायची, काही करत नाही, तोंड मिटते. एक पाव खाऊन उठायचं, आणि दुसरा समोर दिसत असताना उठायचं, ही माझी आयुष्यभराची मिळकत होती. इतरांकडे घरं होती, गाड्या होत्या. माझ्याकडे ही होती. जाड माणूस दिसला की मला त्याच्या अंगात त्याचा आळस, त्याचं लाडावलेलं बालपण, त्याचं उशिरापर्यंत झोपणं, सगळं शिवणीसारखं सरळ दिसायचं. दुकानात आरशासमोर पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या बायकांना मी म्हणायची, "सोडा श्वास. आरसा फसेल, टेप नाही फसणार." हसायच्या बिचाऱ्या. हसण्याशिवाय काय करणार?

दाढेचं निमित्त झालं. दाढ सुजली, जबड्यात पू झाला, तेव्हा जालीम गोळ्या दिल्या, एक संपली की दुसरी. दाढ बरी झाली आणि पोट गेलं. म्हणजे किती गेलं हे शहाण्या माणसानं विचारू नये. औषध दिलं की थांबायचं, बंद केलं की दुप्पट. असं करता करता कोटात मी उरलेच नाही, नुसता कोट खुंटीवर असावा तसा माझ्या खांद्यांवर होता. इस्पितळात पोटाची एक डॉक्टरीण होती, पोरगीच, नखं कुरतडलेली, पण बोलायची नीट. म्हणाली, माणसाच्या आतड्यात जंतूंची मोठी वस्ती असते, चांगली वस्ती, तिच्या जिवावर आपण जगतो. गोळ्यांनी ती साफ झाली आणि मोकळ्या जागेत गुंड शिरले. आता दुसऱ्या निरोगी माणसाच्या पोटातली वस्ती आणून तुमच्यात वसवायची. म्हटलं, आणायची कशातून? तिनं सांगितलं. शौचातून. मी तशी अर्धमेली, पण हसू आलं. "बाई, आयुष्यभर लोकांचे मळके कोट उसवले, आता हेच राहिलं होतं खायचं." ती म्हणाली, "खायचं नाही, गाळून नळीतून सोडतात. तुम्ही झोपेत असाल." तेव्हा तिथे देणारा माणूस घरातलाच शोधत. मुलगा स्वतःच कसल्या गोळ्यांवर होता, बाद झाला. लेकीला फोन केला, ती दुसऱ्या गावी असते, माझ्यासारखीच काडी. तिनं फोनवर "शी, आई!" केलं. मग म्हणाली, बघते, मग म्हणाली, सुट्टी नाही. मग मीच म्हणाले, आणि हे शब्द माझेच आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत, "ज्या पोटात दगड विरघळतो ते पोट घ्या की." आणि सुनेकडे बोट केलं. तिचं पोट कधी बिघडलेलं कुणी बघितलं नव्हतं. सगळ्या तपासण्या झाल्या, रक्त स्वच्छ, साखर नाही, काही नाही. डॉक्टरीण कागद बघत म्हणाली, फक्त वजन जरा जास्त आहे. मी गादीवरून म्हणाले, "वजनाचं काय? तिचं वजन थोडंच घालणार आहात माझ्यात?" मुलगा हसला, मी हसले. डॉक्टरीण हसली की नाही ते मला आठवत नाही. सून सकाळी डबा घेऊन आली, टॉवेलात गुंडाळून, मांडीवर दोन्ही हातांनी धरून, आतलं सांडू नये म्हणून कुणी सणसणीत गरम आमटी न्यावी तशी. बसमधून आणला म्हणाली, टॅक्सीत गचके फार बसतात. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. काय होतं ते तेव्हा मला कळलं नाही. इतक्या वर्षांत मी तिच्या हातून काही मागून घेतलं ते पहिल्यांदा.

आठवडा उलटायच्या आत पोट थांबलं. मी उठून बसले, चालायला लागले, दुकानात गेले. सगळे म्हणाले, पुनर्जन्म. आणि मग, केव्हा ते सांगता येत नाही, दुपारी ती आली. ऊन इस्त्रीच्या टेबलावरून सरकून मशीनच्या चाकावर येतं त्या वेळेला. मी दुपारी कधी खात नव्हते. माझी भूक माझ्या ओळखीची होती; उभ्या उभ्या यायची, दाराशी थांबायची, घोटभर चहा घेऊन मुकाट जायची. ही आली ती बूड टेकून बसली. घरात पाहुणं शिरावं, पिशवी खाली ठेवावी, पाय पसरावेत आणि म्हणावं, काय आहे जेवायला? तशी. मी पाणी प्यायले, हलली नाही. चहा दिला, चहाकडे बघितलंसुद्धा नाही. तिला काय हवं होतं ते मला हळूहळू कळत गेलं, आणि कळलं तेव्हा हातातली सुई बोटात गेली. तिला खरवड हवी होती. भाताच्या पातेल्याच्या तळाला चिकटलेली, करपलेली, तांबडी खरवड. मला! करपल्याचा नुसता वास आला तरी मी खिडक्या उघडते. पातेलं लागलं म्हणून मी सुनेला किती वेळा बोललेय त्याचा हिशोब नाही. आणि त्या दिवशी दुकानातून घरी येऊन, कोटही न काढता, मी मोरीतलं पातेलं उचललं आणि चमच्यानं खरवडायला लागले. तो आवाज, पत्र्यावर चमच्याचा, आणि तोंडात सुटलेलं पाणी, आणि माझा उजवा हात इतक्या सराईतपणे तळाच्या कडेकडेनं फिरत होता की जणू जन्मभर हेच करत आलाय. कोपरापर्यंत माझा आणि त्याच्यापुढे दुसऱ्या कुणाचा तरी. कोटाचं खालचं बटण तेव्हाच लागेनासं झालं. मी ते न लावताच फिरायला लागले. नंतर त्याच्या वरचं.

लिफ्टच्या प्रकारानंतर मी आपणहून डॉक्टरणीकडे गेले. मुलगा बरोबर होता, सून पिशवी धरून दाराशी. रक्त घेतलं, काट्यावर उभं केलं. काट्याकडे मी बघितलं नाही, डॉक्टरणीच्या भुवयांकडे बघितलं, तेवढ्यात समजलं. साखर चढलीय म्हणाली. यकृतावर चरबी दिसतेय. मी म्हटलं, खाणं फार वाढलेलं नाही हो, दुपारचं तेवढं. ती जरा वेळ पेनाचं टोपण चावत बसली आणि मग तिनं उंदरांची गोष्ट सांगितली. एकसारखे उंदीर घेतात, ज्यांच्या पोटात काहीच वस्ती नाही असे. काहींच्या पोटात जाड माणसाची वस्ती सोडतात, काहींच्या पोटात बारीक माणसाची. खायला दोघांना तेच, तितकंच. आणि पहिले जाड होतात, दुसरे होत नाहीत. एकाच घासातून किती काढून घ्यायचं, किती साठवायचं, भूक कधी लावायची, यात त्या वस्तीचा हात असतो. "पण माणसाचं इतकं सरळ नाही," ती म्हणाली. "तुम्ही आजारातून उठलात, वय आहे, औषधं झाली. असेल, नसेल." मी विचारलं, "ही वस्ती माणसाला मिळते कुठून?" म्हणाली, बरीचशी आईकडून, जन्मताना, मग अंगावर पिताना, मग घरातून. आईला तिच्या आईकडून. मग आवाज खाली करून मुलाला म्हणाली, "आता आम्ही वजन जास्त असलेल्या माणसाचं घेत नाही." आवाज खाली करून काही उपयोग नव्हता. दाराशी पिशवीच्या कागदाची कुरकुर झाली आणि थांबली. मी मान वळवली नाही. डॉक्टरीण पुढे सांगत होती की एक अभ्यास चालू आहे, तुम्हाला त्यात घेता येईल, लेकीचं घेऊन पुन्हा करता येईल. पण आधी पुन्हा जालीम गोळ्या देऊन आहे ती वस्ती उठवायची, त्यात जुनं दुखणं उलटू शकतं, आणि वजन उतरेलच अशी हमी नाही. "मग सांगता कशाला?" मी म्हणाले. "तुमच्या मुलीनं फोन करून विचारलं म्हणून. सही तुमची लागेल. विचार करा."

विचार करायला मला कुणी सांगावं लागत नाही, पण या वेळी विचार कुणी करायचा हाच प्रश्न पडला. कारण उंदीर खरे असतील, तर पाव समोर दिसत असताना उठणारी ती कोण होती? मी उठत होते, की माझ्या आतली बिऱ्हाडं जेवून झाली म्हणून मला उठवत होती, आणि मी मात्र बाहेर येऊन मिरवत होते, बघा माझा निग्रह? म्हणजे नोकरांनी घर झाडायचं आणि मालकिणीनं नाक वर करायचं, तसं झालं. मी ज्या ज्या बाईला आरशासमोर बोलले तिच्या आत कोण बसलं होतं? मी कुणाशी बोलत होते? आणि याच्याही पुढे एक पायरी होती. ती मी दोन दिवस उतरले नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात, ऊन मशीनच्या चाकावर आलं, आणि उतरले. सुनेला मिळालं ते तिच्या आईकडून. म्हणजे माझ्या पोटात येऊन बूड टेकून बसली होती ती सून नव्हती. ते बूड मला ओळखीचं होतं. त्या विहीणबाई होत्या.

विहीणबाई एका खानावळीत स्वयंपाक करायच्या. एकदाच राहायला आल्या होत्या आमच्याकडे, पायाची जखम भरत नव्हती म्हणून इथल्या डॉक्टरला दाखवायला. अंगानं अशा की दारातून आल्या तर आधी त्यांचं हसणं आत यायचं, मग त्या. आमच्या बैठकीच्या खुर्चीत बसायच्या आणि कप दोन्ही हातांनी धरायच्या, थंडी असो वा उन्हाळा. पहिल्या दिवशी जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला. मी वाढला आणि म्हणाले, "विहीणबाई, पोट आहे की धर्मशाळा?" सगळे हसले. त्याही हसल्या, सगळ्यांत मोठ्यांदा. मग ताट हळूच पुढे सरकवलं, म्हणाल्या, "झालं माझं," आणि उठल्या. आठवडाभर राहिल्या, पण आमच्या घरात पुन्हा पोटभर जेवल्या नाहीत. थोडंसं खायच्या, ताट सरकवायच्या. पुढे त्यांचा पाय कापला, आणि पुढे त्या गेल्या. मी सुनेला तेव्हा म्हणाले, "तोंड आवरलं असतं तर पाय राहिला असता." जगात कुणीही हेच म्हणालं असतं. डॉक्टर काय वेगळं म्हणतात? तेही पाटी लावूनच बसलेत, कमी खा, चाला. मी वावगं काही बोलले नाही. पण धर्मशाळा हा शब्द जिभेवरून सुटला होता तो कुठे गेला होता इतकी वर्षं? जगात फिरून आला आणि जिथे राहायचं तिथे राहिला.

आता दुपारी आम्ही बोलायला लागलो. दुकानातली माणसं म्हणत असतील, टाचणी पुटपुटायला लागली. मी म्हणायची, विहीणबाई, उठा आता. त्या म्हणायच्या, कुठे जाऊ हो? तुम्हीच बोट दाखवून आणवलंत, दगड विरघळतो ते पोट घ्या म्हणालात. मी म्हणायची, मी सुनेचं मागितलं होतं. त्या हसायच्या, तेच मोठं हसणं, माझ्या बरगड्यांच्या खाली. म्हणायच्या, माझ्या पोरीचं ते माझं, आणि माझं ते माझ्या आईचं, तिला तुम्ही बघितलंच नाही, ती पण आलीय, आम्ही सगळ्याच आहोत, वाढा. मी म्हणायची, माझा पाय जाईल तुमच्यापायी. यावर त्या गप्प बसायच्या. ते गप्प बसणं सगळ्यांत वाईट. बोलणाऱ्याला उलट बोलता येतं. एकदा दुकानाच्या मोठ्या आरशात मला माझे हात दिसले, कप दोन्ही हातांनी धरलेले, बोटांच्या पेरांवर खळ्या पडलेल्या, आणि बाहेर कडक ऊन होतं. रोज आंघोळीनंतर मी खाली वाकून पायांची बोटं तपासायला लागले. वाकताना पोट आडवं यायचं. कुणाचं पोट, ते विचारू नका.

लेक फोनवर म्हणाली, "आई, किती दिवस तिचं पोटात घेऊन फिरणार आहेस? काढून टाक. मी येते, तपासण्या करून घेते, आपलं ते आपलं असतं." मी म्हणाले, "तेव्हा शी म्हणालीस." ती म्हणाली, "तेव्हा मला नीट समजलं नव्हतं, आता समजलंय." मुलगा म्हणाला, तू म्हणशील तसं. हा जन्मल्यापासून तेवढंच म्हणतो. डॉक्टरणीकडून आल्यापासून सून जेवायला आमच्याबरोबर बसत नव्हती, बसली तर चार घास घ्यायची आणि ताट पुढे सरकवायची. ते सरकवणं मी ओळखलं. ती विचारत नव्हती आणि मी सांगत नव्हते, आणि आमच्यामध्ये तो प्रश्न जेवणाच्या टेबलावर झाकून ठेवलेल्या भांड्यासारखा राहिला होता, रोज तिथेच. मला सगळं दिसत होतं. लेकीचं घेतलं की या घरात कायमचं ठरणार, सुनेनं दिलं ते विष होतं, आणि ते उकरून काढावं लागलं. नाही घेतलं तर साखर माझी, पाय माझा. आणि अजून एक, जे मी कुणाला सांगितलं नाही. गोळ्यांनी वस्ती उठवायची म्हणजे त्या सगळ्या बायकांना पुन्हा एकदा उठवायचं. भरल्या ताटावरून. मी तितकी मऊ नाही, हे म्हणताना माझं मलाच हसू येतं. पण दुपार झाली की मी विचार करायची, आणि पोटातून काहीच उत्तर यायचं नाही. त्या ऐकत असायच्या.

लेक येणार त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी दुकानातून आले. खाली लिफ्टशी सून होती, नणंदेसाठी नवी चादर, उशीचे अभ्रे, आणखी काय काय घेऊन. चष्मेवाला आणि त्याची बायको आत गेले, सून गेली, पाठ आरशाला चिकटवून उभी राहिली. मी पाय टाकला. लाल दिवा. टीं टीं टीं. सुनेनं पिशव्या उचलल्या.

"थांब," मी म्हणाले, आणि मी उतरले.

ओरडणं थांबलं. चष्मेवाला म्हणाला, "अहो, मशीन..." मी म्हणाले, "मशीन बरोबर आहे. जा तुम्ही वर." पण सूनही माझ्यामागे बाहेर आली, "अहो आई, तुम्ही जा, मी आहे ना जिन्यानं," आणि या देण्याघेण्यात दार लागलं, लिफ्ट त्या दोघांना घेऊन गेली आणि आम्ही दोघी खाली उरलो. मग चढायलाच लागलो. तिची एक पिशवी मी घेतली. या जिन्यावर मी पाय ठेवला नव्हता कधी. भिंतीला हाताच्या उंचीवर एक काळपट पट्टा होता, धरून धरून झालेला, आणि मला कळत होतं तो कुणाच्या हाताचा. पहिल्या मजल्यावर माझा श्वास वाजायला लागला. दुसऱ्यावर गुडघे बोलायला लागले. सून एक पायरी मागे राहून चढत होती, मी पडले तर झेलायला. मी काही बोलले नाही. बोलायला हवा लागते.

तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी आहे, तिचा कट्टा बसण्याइतका रुंद. तिथे पोचायच्या आधीच, वळणावर, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. भसाभसा, लहान पोराला सुटतं तसं. पोट जागं होऊन उठून बसलं. दुपार कधीच उलटून गेली होती, ही वेळ त्यांची नव्हती, पण जागा होती. माझ्या पोटाला ही जागा माहीत होती. मला माहीत नव्हती. मी भिंतीला धरून उभी राहिले.

"बसा जरा," सून म्हणाली.

कट्ट्याची एक कड घासून गुळगुळीत झाली होती. मी तिच्या शेजारची जागा घेतली आणि त्या गुळगुळीत कडेवर हात थोपटला. "तू बस तुझ्या जागेवर."

ती उभीच राहिली.

"आणि काढ."

"काय काढू, अहो आई?"

"कोटाच्या खिशात आहे ते. मी शिंपीण आहे. खिसा फुगलेला मला जिन्याच्या खालूनच दिसला."

ती बसली. खिशातून तिनं कागदाची पुडी काढली, मांडीवर ठेवली, आणि उघडायला तिला इतका वेळ लागला की मीच हात पुढे करणार होते. आत खरवड होती. तांबडी, कडेनं वळलेली, करपलेली. रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही, पुडीकडेच बघत बोलायला लागली. "माझी आई हेच खायची. खानावळीत सगळ्यांचं झाल्यावर, दुपार कलली की बसायची. तोवर पातेल्यात एवढंच उरायचं. मी शाळेतून तिथेच जायची, मलाही यातलंच द्यायची. लोकांना वाटायचं तिला आवडतं. तिला आवडायचं असं काही नव्हतं. हेच असायचं." मग म्हणाली, "मी हे कुणाला सांगितलेलं नाही. यांनासुद्धा नाही."

मी विचारलं, "आणि तुमच्या खानावळीत ऊन कुठवर यायचं तेव्हा?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, "राहू दे."

खालच्या मजल्यावर कुणी दार उघडलं, लावलं. मग तिनं त्या प्रश्नाचं झाकलेलं भांडं उघडलं. "अहो आई, हे माझ्यामुळे झालं ना?"

माझ्याजवळ बरीच उत्तरं होती. डॉक्टरणीचं असेल-नसेल होतं. वयाचं होतं. नाही गं, काहीतरीच काय, असंही एक होतं, गोड बायका देतात तसलं. ते माझ्या तोंडात बसत नाही. पायाची बोटं बुटात होती, मी ती एकदा हलवून बघितली. सगळी हलली.

"हो," मी म्हणाले. "आणि मी जिवंत आहे तीही तुझ्यामुळेच. एकाच डब्यातून आलं दोन्ही. त्यातलं एक ठेवू आणि एक परत करू, असं दुकान अजून कुणी काढलेलं नाही." ती काही बोलणार होती, मी बोलू दिलं नाही. "नणंदेला फोन लाव. म्हणावं, ये, चार दिवस रहा, आईला बघून जा. पण डबा आणू नको. मी सही करणार नाही. साखरेच्या गोळ्या घेईन, त्या काय कडू नसतात. आणि लिफ्ट आता त्या चष्मेवाल्याला देऊन टाकली."

"पण तुमचा पाय..." ती म्हणाली.

"पाय माझा आहे. तेवढा तरी माझा आहे. त्याला रोज हा जिना दाखवते."

ती हसली. हसताना तिनं हात तोंडावर नेला नाही, त्यामुळे मला ते हसणं पहिल्यांदा पूर्ण ऐकू आलं, आणि बरगड्यांच्या खाली कुणीतरी ते ओळखलं. तिनं खरवडीचे दोन तुकडे केले. करपट वास आला. इथे उघडायला खिडकी होती, पण मी उघडली नाही. मोठा तुकडा तिनं मला दिला, मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि दाढेखाली धरला. कुरकुर आवाज झाला. कडू होतं, आणि कडूच्या मागून थोडं गोड.

आम्ही दोघी चावत होतो. आणि तेव्हा माझ्या पोटात कुणीतरी, इतक्या वर्षांपूर्वी सरकवलेलं ताट हळूच पुन्हा पुढे ओढून घेतलं.